डावा सहा, उजवा चार

४ जानेवारी, सोमवार

कंपनीने यंदा आम्हाला डायऱ्या वाटल्या. जाड पुठ्ठा, वर सोनेरी बूट छापलेला. नऊ वर्षं मी बुटांच्या दुकानात परतीच्या काउंटरवर बसतोय आणि रोज किमान चार थापा ऐकतोय. तेव्हा ठरवलं, रोजची उत्तम थाप इथे टिपून ठेवायची. म्हातारपणी हसायला होईल.

आजची थाप. एक गृहस्थ पळायचे बूट घेऊन आले. "एकदाही बाहेर घातलेले नाहीत हो, घरातल्या घरात दोन पावलं चाललो फक्त." मी बूट उलटे केले. खाचांत माती, मातीत गवताची काडी. मी म्हटलं, "घर चांगलंच हवेशीर दिसतंय तुमचं." गृहस्थ बूट उचलून चालते झाले.

परत आलेला माल घेताना माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही, तळाकडे बघायचं, हे मला दादांनी शिकवलं. दादा म्हणजे आमचे स्टोअरवाले. वय सत्तावन्न, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. वर ग्राहक दहा-दहा जोड काढून पसारा करतात, तो सगळा तळघरात जातो आणि दादा प्रत्येक डाव्याला त्याचा उजवा शोधून खोक्यात घालतात. मला या दुकानात चिकटवलं तेही त्यांनीच. तेव्हा मी सहा महिने घरी बसून होतो.

९ जानेवारी, शनिवार

आज थाप नाही, घरचंच लिहितो. लेकीची मुलाखत आहे, नर्सिंगच्या प्रवेशासाठी. साधे काळे बूट हवेत, असं कळवलंय.

लेकीचा डावा पाय सहा नंबरचा, उजवा चार. दोन वर्षांची असताना मोठा ताप आला, त्यात उजवा पाय मागे राहिला. तिची आई होती तेव्हा दोन्ही सहाचे बूट घ्यायची आणि उजव्यात पुढे कापूस कोंबायची. पोर पाय ओढत चालायची. शाळेत तिला 'कापूस' म्हणूनच हाक मारायचे.

गेली दोन वर्षं मी यावर तोड काढली आहे. सहाचं एक खोकं घ्यायचं, चारचं एक घ्यायचं. सहातला डावा, चारातला उजवा, झाला तिचा जोड. उरतो डावा चार आणि उजवा सहा. त्याला 'ग्राहकाकडून परत, बेजोड' (म्हणजे न जुळणारा जोड) अशी चिठ्ठी लावून मी तो सदोष मालाच्या पेटीत टाकतो. दर तीन महिन्यांनी पेटी कंपनीकडे जाते, आता सोमवारीच जाईल, तिथे माल तोडून टाकतात, विषय संपला. एका जोडाचे पैसे मी पूर्ण भरतो. कर्मचाऱ्यांची सवलतसुद्धा घेत नाही, कारण सवलत घेतली की बिलावर नाव येतं. आजचा सातवा जोड. एवढ्या मोठ्या कंपनीचं सात जोडांनी काय बिघडतंय?

तिला सांगून ठेवलंय की कंपनी खास ऑर्डरीवर बनवून देते. दुकानात मात्र यायचं नाही, मापं मी घरीच घेतो. आज नवे बूट घालून ती खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली, परत आली, पुन्हा गेली. "बाबा, आवाज ऐक," म्हणाली. दोन्ही पावलांचा आवाज सारखा येत होता.

१८ जानेवारी, सोमवार

नवे साहेब आले. पस्तिशीचे असतील. आल्या आल्या खुर्ची बदलली, मग खिडकीचा पडदा, आता आमची पाळी असणार. बोलतात गोड. मला म्हणाले, "तुमच्याबद्दल चांगलं ऐकलंय. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणे."

थाप: एक बाई म्हणाल्या, चप्पल कुत्र्याने नाही, आपोआप कुरतडली गेली.

२१ जानेवारी, गुरुवार

आज दुकान उघडण्याआधी साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. हातात कंपनीचं पत्र. दोन वर्षांत आमच्या दुकानातून सात बेजोड परत गेले, आणि सातही एकाच मापाचे, डावा चार, उजवा सहा. दुसऱ्या कुठल्याही दुकानातून एकही नाही.

साहेब माझ्याकडे वळले. "चिठ्ठ्या तुमच्या आहेत. कोण ग्राहक होते?"

"गर्दीतले होते साहेब. बदलून दिले की जातात, नाव कोण विचारतो?"

"बरोबर आहे, नाव घ्यायची पद्धतच नाही इथे." त्यांनी लगेच वहीत काहीतरी टिपलं. आता परतीला नवा लांबलचक फॉर्म येणार आहे. मग म्हणाले, "म्हणजे जोड लागतानाच चूक होतेय. जोड कुठे लागतात?"

ते माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, "स्टोअरमध्ये."

यात खोटं काही नाही. जोड खरंच स्टोअरमध्ये लागतात. दुसरं उत्तर तरी काय देणार होतो मी? दादा मागे उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

साहेब म्हणाले, "सात चुकीचे जोड परत आले, म्हणजे त्यांचे सात जोडीदार बाहेर कुणाच्या तरी पायात आहेत. डावा सहा, उजवा चार. एखादा तरी परत येईल, बघा तुम्ही."

२२ जानेवारी, शुक्रवार

दादा आणि मी रोज जिन्याखाली डबा खातो. आज त्यांनी डबा उघडलाच नाही.

"मला आठवत नाही रे," म्हणाले. "पण चार आणि सहा, तळावर छापलेले असतात बारीक. होऊ शकतं."

"एवढं मनाला लावून घेऊ नका दादा. कंपनीला काय, काहीतरी पत्रं पाठवायची असतात."

"सात वेळा रे. एकदा असतं तर गोष्ट वेगळी."

माझी भाजी त्यांना दिली. त्यांनी खाल्ली नाही. थापा लिहायचं आज राहूनच गेलं.

२९ जानेवारी, शुक्रवार

दादांनी भिंग आणलंय. प्रत्येक बूट भिंगाखाली धरतात, आकडा मोठ्याने म्हणतात, मग दुसरा धरतात, पुन्हा म्हणतात. तळघरातून दिवसभर आवाज येत असतो, पाच-पाच, आठ-आठ. वरच्या विक्रेत्या मुली हसतात. दोनदा मला खाली बोलावलं. "हा सहाच आहे ना रे? बघ बरं तू."

"सहाच आहे दादा."

"नक्की?"

दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं. मी तसं त्यांना सांगितलं. त्यांचा माझ्यावर इतका विश्वास आहे की मला त्यांच्याकडे बघवत नाही.

३ फेब्रुवारी, बुधवार

लेकीला प्रवेश मिळाला. आल्या आल्या बूट न काढता गळ्यात पडली. मुलाखतीत चालून दाखवायला सांगितलं होतं, वॉर्डात दिवसभर उभं राहता येईल का ते बघायला. चालून दाखवलं तर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, कुठल्या पायाला त्रास आहे म्हणून लिहिलंय? "त्यांना कळलंच नाही बाबा कुठला ते," दहा वेळा तरी सांगितलं तिने.

आज मला वाटलं की मी काही वाईट केलेलं नाही. जे केलं ते कुठल्याही बापाने केलं असतं. फक्त ते दादांच्या अंगावर यायला नको होतं.

८ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी स्टोअरमधलं खोकं न् खोकं उघडायला लावलं. अकराशे जोड. दादा बाजूला हात बांधून उभे, परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे. एकही चूक सापडली नाही. मला वाटलं, सुटलो, आता प्रकरण थंड होईल.

पण दुपारी दादांनी एका ग्राहकासाठी जोड वर पाठवला तो सात आणि आठ निघाला. ही चूक खरीच त्यांची. तीन आठवडे एकेक आकडा चार-चारदा बघून माणसाचं डोकं फिरणारच. साहेबांनी तो जोड हातात धरून सगळ्यांना दाखवला, ओरडले नाहीत.

खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. आता निदान एक चूक तरी त्यांची आहे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, नंबर होता तोच आहे, काळजीचं कारण नाही.

"मग झालं तर," मी म्हटलं.

"कसलं झालं? त्याला काय जातंय चांगलं बोलायला. माझ्या वयाच्या माणसाला तोंडावर कोण सांगणार?" मग म्हणाले, "मला सगळं स्वच्छ दिसतं रे. तेच भीतीचं आहे. चार दिसतो तेव्हा चारच दिसतो. मग तो सहा असतो कसा?"

मी डबा झाकला आणि वर आलो. काउंटरवर बाई उभी होती, सँडलचा पट्टा तुटला म्हणत होती. ब्लेडने कापलेला स्पष्ट दिसत होता. मी पैसे परत दिले.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. घरून निघताना वाक्यंसुद्धा पाठ केली होती. साहेबांच्या दारावर टकटक केली, आत गेलो, ते म्हणाले, "या, बसा." बसलो.

"बोला."

"साहेब, शनिवारी अर्धी सुट्टी हवी होती."

दिली त्यांनी. काय करणार शनिवारी, मलाच माहीत नाही. सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी घरी बसलो असतो. पन्नाशीच्या माणसाला, तेही असं नाव झाल्यावर, कोण उभं करणार? आणि लेकीचं कॉलेज सुरू व्हायच्या आधीच बंद. शिवाय तिला कळलं असतं. खरी गोष्ट ही शेवटची आहे, बाकीच्या दोन मी तिच्या पुढे उभ्या करतो.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

दादांनी स्वतःच राजीनामा दिला. कुणी काढण्याआधी गेलेलं बरं, म्हणाले. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. साहेबांनी अर्ज घेतला, शेकहँड केला आणि बेजोडांमुळे काम सोडत असल्याची नोंद त्यांच्या कागदावर केली. नोंद करताना मला बोलावलं, साक्षीची सही हवी होती.

मी केली. बेजोडांची चिठ्ठी लिहिणारा मीच, तेव्हा माझीच सही लागणार.

जाताना दादा काउंटरशी आले. भिंग माझ्यापुढे ठेवलं. "तुला उपयोगी पडेल," म्हणाले. "तुझी नजर चांगली आहे, पण वय कुणाला चुकलंय?"

२१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दादा घरी आले. लेकीसाठी सफरचंदं घेऊन. तिच्या प्रवेशाचं त्यांना उशिरा कळलं होतं. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या बाबाने मला फार सांभाळून घेतलं हो शेवटी शेवटी. बाकीचे हसायचे, हा कधी हसला नाही."

ती म्हणाली, "पण झालं काय नक्की, दादाकाका? बाबा काही सांगतच नाही."

मी चहाला उठलो. आतून ऐकू येत होतं. दादांनी सगळं सांगितलं, अगदी दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी तसं. "सात वेळा घोळ घातला म्हणे मी, दर वेळी तोच, डावा चार आणि उजवा सहा."

"उजवा सहा?" लेकीने विचारलं.

"हो. आणि डावा चार. आता कुठेतरी सात माणसं डाव्यात सहा आणि उजव्यात चार घालून हिंडत असतील बघ, मला शिव्या देत."

दादा हसले. ती हसली नाही. मी चहा घेऊन बाहेर आलो तर ती आत निघून गेली होती, अभ्यास आहे म्हणाली. अभ्यासाचं तिला आत्तापासून फार दडपण आलंय. दादांच्या मनात माझ्याबद्दल काही नाही, यामुळे मला मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं. चहा पिऊन गेले. जिना उतरताना कठडा धरून, एकेक पायरी चाचपत उतरले. पूर्वी असं नव्हतं.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

लेक पुन्हा जुने बूट घालायला लागली आहे, कापूस घालून. नवे पलंगाखाली खोक्यात ठेवलेत, पुसून, कागदात गुंडाळून, बिलासकट. कॉलेजसाठी जपून ठेवत असेल. मी म्हटलं, "अगं वापर, आणखी आणू." ती म्हणाली, "आणखी कुठून आणणार, बाबा?" मी म्हटलं, कंपनी देते की.

तिने ताट उचलून मोरीत ठेवलं. आजकाल ती माझ्याआधी जेवून घेते.

२ मार्च, मंगळवार

संध्याकाळचे सात वाजलेत. लेक अजून घरी आलेली नाही. दादांकडे गेली असेल. गेली असेल तर बरंच, आणि नसेल तर कुठे शोधायचं ते मला सुचत नाही. तोवर लिहितो.

दुपारी साडेतीनला दुकानात शुकशुकाट होता. साहेब माझ्याशेजारी उभं राहून फॉर्मांचा गठ्ठा चाळत होते. मी मान खाली घालून शिक्के मारत होतो. कुणीतरी काउंटरवर पिशवी ठेवली. मी वर न बघताच म्हटलं, "बिल आहे का?"

"आहे."

आवाज ओळखीचा होता. लेक उभी होती. तिने पिशवीतून खोकं काढलं, खोक्यातून काळे बूट काढले आणि माझ्यापुढे ठेवले. "परत करायचेत."

साहेबांनीच बूट हातात घेतले, उलटे केले, आणि त्यांचा चेहरा खुलला. "डावा सहा, उजवा चार. मी म्हणालो होतो ना तुम्हाला? निघाला की नाही एक?"

मग तिच्याकडे वळून अगदी नरमाईने म्हणाले, "माफ करा हं ताई. आमच्या स्टोअरला एक गृहस्थ होते, त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी हा घोळ घातलाय. आता ते इथे नाहीत. चालताना फार त्रास झाला असेल तुम्हाला."

"मला नाही झाला," ती म्हणाली. "आणि त्यांना चांगलं दिसतं. यांना विचारा."

साहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "यांना काय विचारायचं? यांनीच तर सातही जोड पकडून दिले." आणि लगेच आत हाक दिली, काळ्यातला सहाचा जोड आणा, दोन्ही बूट नीट तपासून आणा.

ती माझ्याकडे बघत होती. रागावलेली नव्हती. लहानपणी शाळेच्या दारात, घ्यायला मला उशीर झाला की बघायची तशी बघत होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, साहेब, ही माझी मुलगी आहे. बाकीचं आपोआप झालं असतं. तिच्या पायांकडे एकदा बघितलं असतं तरी साहेबांना सगळं कळलं असतं. पण मधे काउंटर होता आणि पाय त्याच्या पलीकडे होते.

"फॉर्म घ्या भरून," साहेब म्हणाले.

फॉर्म आम्हीच भरायचा असतो, ग्राहकाने फक्त सांगायचं. मी पेन उघडलं. पोटच्या पोरीला विचारलं, "नाव?"

तिने सांगितलं. मी लिहिलं.

"वडिलांचं नाव?"

तिने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "ते तुम्ही लिहा," म्हणाली.

साहेब हातभर अंतरावर नवं खोकं उघडून आतला कागद सोडवत होते. मी पेन त्या रकान्यावर टेकवलं. माझं नाव लिहायला मला कितीसा वेळ लागतो, दिवसात पन्नास वेळा लिहितो. ती थांबली होती. मी पेन उचललं, तो रकाना तसाच सोडला आणि खालच्या ओळीत आमचा पत्ता लिहिला, तिला न विचारता. साहेबांनी फॉर्म ओढून घेतला आणि न वाचताच खाली सही केली.